खाडीकाठचे रविवार

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या देवालयाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या या मेळाव्यात, आईबापांनी मुलांस वळण कसे लावावे या विषयावर चार शब्द बोलावे, अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. आज्ञा शिरसावंद्य आहे. परंतु या विषयावर उपदेश करण्याइतका अधिकार आमच्या अंगी नाही, हे आम्ही प्रथमच कबूल करितो. ज्यांची मुले लहान आहेत त्यांस रोज नवी अडचण पडते, आणि ज्यांची मुले मोठी झाली त्यांस आपले कोठे चुकले हे उशिरा उमगते. आम्ही या दुसऱ्या वर्गात मोडतो. सबब उपदेश बाजूस ठेवून, आमची मुले लहान असता त्यांस घेऊन आम्ही पनवेलच्या खाडीवर मासे धरावयास जात असू, त्या रविवारांची हकीगत तेवढी आपणांपुढे मांडतो. तीत आमच्या हातून घडलेला एक दोष आहे, तोही झाकून ठेवणार नाही. मुलांची आई समोरच बसलेली आहे. तिची संमती घेऊनच आम्ही येथे उभे राहिलो आहो.

आज ज्यांनी पनवेल प्रथम पाहिले त्यांस हे बंदराचे गाव होते हे सांगूनही खरे वाटावयाचे नाही. माथेरानच्या डोंगरातून उतरलेली गाढी नदी गावाजवळून वाहत जाऊन खाडीस मिळते. या खाडीच्या पाण्यावरून मुंबईचे पडाव थेट आपल्या बंदरास लागत. १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, तेव्हा मुंबईहून पुण्यास जाणारा उतारू नावेने पनवेलास येई आणि येथून पुढे घाट चढे. पुढे १८६३ साली आगगाडी बोरघाट चढून गेली आणि बंदराची वर्दळ ओसरली. बंदराची वर्दळ गेली तरी खाडी काही गेली नाही. दिवसातून दोन वेळा तिचे पाणी पूर्ववत चढत व उतरत राहिले. तिवरांच्या मुळांशी चिखलात निवट्या पूर्ववत उड्या मारीत राहिल्या, आणि दक्षिणेस कर्नाळ्याचा सुळका अंगठ्याप्रमाणे उभा राहून हे सर्व पाहत राहिला.

आम्हांस आठवड्यातून रविवार तेवढा मोकळा असे. सकाळची पहिली मिस्सा आटोपली की मुलांची आई भाकरी व सुक्या बोंबलाची चटणी फडक्यात बांधून देई, आणि आम्ही, थोरला मुलगा व धाकटी मुलगी असे तिघे खाडीची वाट धरीत असू. सामान म्हणावे तर बांबूच्या दोन काठ्या, दोरी, गळ, शिशाचे तुकडे, आणि आमिषाकरिता वाटीभर कोळंबी. चिंबोऱ्यांसाठी एक फग बरोबर असे. लोखंडी कडीस जाळे ओवून व मध्ये माशाचे डोके बांधून तो पाण्यात सोडावयाचा, आणि दोरी हलली की हलक्या हाताने वर घ्यावयाचा. हे काम धाकटीचे होते. तिचा हात आमच्या हाताहून हलका होता, आणि चिंबोरी कडीवर येईपर्यंत श्वास रोखून धरण्याची कला तिला उपजतच साधली होती.

मुलांचा पहिला पाठ मासे धरण्याचा नसे, पाण्याची वेळ ओळखण्याचा असे. आगरी व कोळी बांधवांचा हा हिशोब फार जुना व फार सोपा आहे. जी तिथी असेल तिची पाऊणपट करावी, म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता पाणी पुरे भरणार. अष्टमी असेल तर सहा वाजता. तेथून सुमारे सहा तास मागे मोजले म्हणजे ओहोटीची वेळ निघते. पौर्णिमा व अमावास्या यांच्या सुमारास पाण्यास उधाण येते, अष्टमीच्या सुमारास जोर कमी होऊन भांग पडते. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय टांगलेले असे. १९७३ साली निघालेल्या या दिनदर्शिकेत तिथीही मिळत व आपले सणही मिळत. शनिवारी रात्री थोरल्याने तीत तिथी पाहावी, पाऊणकीचा पाढा म्हणावा, आणि उद्या पाणी कधी फिरणार हे सर्वांस सांगावे, असा परिपाठ पडला होता. पाढे पाठ होईनात म्हणून शाळेत मार खाणारा हा मुलगा खाडीच्या पाऊणकीत कधी चुकला नाही.

दुसरा पाठ माशांचा. परमेश्वराने चिखलाच्या पाण्यातही किती कौतुके भरून ठेविली आहेत हे मुलांस दाखवावे, आणि दाखविता दाखविता आपणही नव्याने पाहावे, यासारखा आनंद नाही. निवटी हा मासा असून पाण्याबाहेर चिखलावर चालतो, आणि अंग ओले असेतोवर कातडीवाटे हवा घेतो. जिताडा हा रायगडकरांच्या ताटातील राजा. तो प्रथम नर असतो व वयाने वाढला की मादी होतो, हे ऐकून धाकटीस इतके हसू आले की हातची दोरी सुटली. आणि शिंगाळ्याची गोष्ट तर आम्ही पुनःपुन्हा सांगत असू. त्याच्या काट्याचा दंश विषारी, म्हणून कोळी त्यास जपून हाताळतात. परंतु त्याचा नर मादीने घातलेली अंडी आपल्या तोंडात धरून ठेवितो, आणि पिले बाहेर पडून पोहू लागेपर्यंत अन्न घेत नाही. "बाबा, म्हणजे तो उपाशी राहतो?" असे धाकटीने विचारिले असता, "होय, बाप असा असतो," असे आम्ही मोठ्या तोऱ्याने उत्तर दिले होते. ते उत्तर पुढे आम्हांस फार बोचले.

मासे फार मिळत असे कोणी समजू नये. गळास एखादी बोय लागे, कधी दोन शिंगाळे, फगात तीन-चार चिंबोऱ्या. कित्येक रविवारी तर भाकरी खाऊन रिकाम्या हाताने परतावे लागे. पेत्र व त्याचे सोबती रात्रभर श्रमूनही त्यांस एक मासा मिळाला नाही, ही शुभवर्तमानातील कथा मुलांस अशा दिवशी सांगावी लागत नसे. तीच आम्हांस आठवण करून देत. मुले मोठी झाल्यावर त्या दिवसांविषयी बोलत तेव्हा असे दिसून आले की, कोणत्या दिवशी किती मासे मिळाले हे त्यांस आठवत नाही. परंतु रिकाम्या हाताने परतताना बाबा चिडले होते की गाणे म्हणत होते, हे मात्र दोघांसही नेमके आठवते.

आता त्या दिवसाकडे येतो. १९८१ सालचा फेब्रुवारी महिना होता. त्याच वर्षाच्या आरंभी आपल्या कुलाबा जिल्ह्यास रायगड हे नाव मिळाले होते. थोरला आठ वर्षांचा, धाकटी सहा वर्षांची. थोरल्याचे पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी धर्मशिक्षण चालू होते. पौर्णिमेनंतरची चतुर्थी होती. उधाणाचा जोर अद्यापि ओसरला नव्हता. थोरल्याने आदल्या रात्री हिशोब सांगितलाच होता: तीन वाजता भरती, नऊच्या सुमारास पाणी फिरेल, दहा वाजता आपण बांधावर असले पाहिजे. हिशोब बिनचूक होता. आम्ही मिस्सेनंतर उघाडीजवळ बांध उतरून, तिवरांच्या पलीकडे, ओहोटीने उघड्या पडलेल्या काठावर जाऊन बसलो.

दहास काही मिनिटे कमी असता आमच्या गळास जिताडा लागला. तो काही हाती आला नाही. एक हिसडा देऊन, दोरी तोडून निघून गेला. परंतु त्याचे अंग क्षणभर पाण्यावर चमकले ते आम्ही पाहिले, आणि तेवढ्याने आमची बुद्धी गेली. आम्ही दुसरा गळ बांधिला. "बाबा, दहा वाजले," असे थोरला म्हणाला. आम्ही म्हणालो, "थांब जरा." पुनः काही वेळाने तो म्हणाला, "बाबा, पाणी चढते आहे." आम्ही म्हणालो, "समोर पाहा, अजून किती लांब आहे."

बंधुभगिनींनो, खाडीचे पाणी समोरून येत नाही. जो समोर पाहत बसतो त्यास ते दिसतच नाही. ते आधी पाठीमागच्या ओहळांत शिरते, आणि आपण व बांध यांच्यामध्ये भरत जाते. कोळ्यांच्या मुलांस हे ठाऊक असते, आम्हांसही ठाऊक होते. परंतु लोभापुढे ठाऊक असलेले विसरले जाते. अकराच्या सुमारास मागे वळून पाहतो तो येताना ज्या ओहळात पाऊलही भिजले नव्हते तो मांडीइतका भरला होता, आणि त्याच्या अलीकडचा चिखल पाण्याने मऊ होऊन दह्यासारखा झाला होता.

आम्ही धाकटीस खांद्यावर घेतले व थोरल्याचा हात धरिला. दहा पावलांवर त्याचा हात सुटला. वळून पाहतो तो मुलगा गुडघ्यांच्या वर रुतलेला. एक पाय काढावा तो दुसरा अधिक खोल जाई. आम्ही त्यास बगलेत धरून वर ओढू लागलो तेव्हा आमचेच पाय रुतू लागले. खांद्यावर धाकटी रडत होती, आणि पाणी त्याच्या कमरेस लागले होते. त्या वेळी आम्ही कोणती प्रार्थना म्हटली हे आठवत नाही. बहुधा एकही धड म्हटली नाही. पवित्र मरियेचे नाव तेवढे तोंडात होते.

बांधाच्या बाजूने चिंबोऱ्या धरणारी एक वृद्ध आगरी स्त्री हे पाहत आली. तिने आरडाओरडा केला नाही. कमरेच्या कोयत्याने तिवराच्या चार फांद्या तोडून तिने चिखलावर पसरल्या, आणि मुलास दरडावून म्हणाली, "पालथा पर रं पोरा, पालथा पर! पाय झारू नको." मुलाने ऐकले. तो पोटावर फांद्यांवर आडवा झाला, आणि तिने त्याच्या पायाभोवतीचा चिखल हातांनी सैल करीत करीत एक एक पाय मोकळा केला. उभ्या माणसाचा भार दोन तळव्यांवर असतो म्हणून तो रुततो. आडव्या माणसाचा भार साऱ्या अंगावर वाटला जातो म्हणून तो तरतो. एवढी साधी गोष्ट, परंतु शाळा शिकलेल्या आम्हांस त्या वेळी सुचली नाही. तिने आम्हां तिघांस बांधावर चढविले, आमच्याकडे एकदा पाहिले, आणि एवढेच म्हणाली, "पोरांना आनतोस, तं पान्याकरं पाठ नको करू." आणि आपली टोपली उचलून निघून गेली. आम्ही तिचे नावही विचारिले नाही.

येथपर्यंत जे घडले तो आमचा निष्काळजीपणा. पुढे जे घडले ते पाप, आणि तेच सांगण्याकरिता आम्ही आज उभे आहो.

थोरल्याच्या पोटऱ्या कालवांच्या धारेने कापल्या होत्या, आणि एक चप्पल चिखलात राहिली होती. घरी मुलांची आई काय म्हणेल या विचाराने आमचे काळीज कापू लागले. आता हे रविवार बंद होणार, चारचौघांत आपली शोभा होणार, आपण बेजबाबदार ठरणार. आम्ही वाटेत विहिरीवर मुलांस धुतले, आणि त्यांच्यापुढे बसून सांगितले: "आईस काही सांगावयाचे नाही. बंदराच्या पायऱ्यांवर पाय घसरला, असे सांगावयाचे." थोरल्याने मान हलविली. घरी आईने विचारिले तेव्हा त्याने शिकविल्याप्रमाणे सांगितले. तिने हळद लावली, आणि त्या दुपारी आम्ही स्वस्थ निजलो.

परंतु खोटे एकदा घरात घेतले म्हणजे ते कोठे जाऊन बसेल हे घेणाऱ्याच्या हाती राहत नाही. पुढल्या रविवारी धाकटी खाडीवर यावयास तयार होईना. बांध दिसला की ती आमचा सदरा धरून रडू लागे. रात्री झोपेत दचकून उठे. तिच्या आईस कारण ठाऊक नव्हते. तिला वाटले पोर हट्टी झाली, भित्री झाली. "दादा जातो ना? मग तुला काय झाले?" असे म्हणून ती तिला रागावे, आणि एके दिवशी तिने तिला एक चापटही दिली. मुलीने आमच्याकडे पाहिले. तिने तोंडातून शब्द काढिला नाही, कारण बाबांनी सांगू नको म्हटले होते. आणि आम्ही, अंडी तोंडात धरून उपाशी राहणाऱ्या बापाची गोष्ट सांगणारे आम्ही, तेथे उभे असून गप्प राहिलो. साधारण सहा आठवडे हे असे चालले. सारा उपवासकाळ त्यात गेला. शुक्रवारी आम्ही मांस वर्ज्य केले, क्रूसाच्या वाटेची भक्तीही केली; मात्र हे एक वाक्य आमच्या तोंडून निघाले नाही.

पवित्र आठवड्यापूर्वी मुलांचे पहिले पापनिवेदन ठरले होते. आदल्या रात्री थोरला आमच्याजवळ आला. धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगितल्याप्रमाणे त्याने आपली पापे एका कागदावर लिहिली होती. तो म्हणाला, "बाबा, एक विचारू? मी आईशी खोटे बोललो, ते मी लिहिले आहे. पण ते तुम्ही सांगावयास सांगितले होते. मग फादरांपुढे ते मी सांगावयाचे, की तुम्ही सांगणार?"

त्याच्या स्वरात राग नव्हता, टोमणा तर मुळीच नव्हता. एकच वस्तू दोघांनी उचलून आणिली असता ती कोणी ठेवावयाची, इतक्या सरळपणे त्याने विचारिले. आम्ही त्यास म्हणालो, "ते माझे आहे. तू ते खोडून टाक." तो म्हणाला, "पण बोललो तर मीच ना?" यावर आम्हांपाशी उत्तर नव्हते. आम्ही म्हणालो, "मग तू तुझे सांग, मी माझे सांगतो. परंतु फादरांच्या आधी आईस सांगावयास पाहिजे."

त्याच रात्री आम्ही मुलांच्या आईस सर्व सांगितले, जिताड्यापासून हळदीपर्यंत. ती पुष्कळ वेळ काही बोलली नाही. मग उठून निजलेल्या धाकटीजवळ गेली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवीत बसली. सकाळी तिने आम्हांस दोनच गोष्टी सांगितल्या. पहिली, "पोरीची माफी तुम्ही मागा, मीही मागते." दुसरी, "पुढच्या वेळी मी येणार आहे. पाणी किती वाजता फिरते ते मला आधी सांगत जा." तिने रविवार बंद केले नाहीत. ईस्टरनंतरच्या रविवारी ती स्वतः बांधावर येऊन बसली, आणि धाकटी तिच्या मांडीस टेकून, हळूहळू का होईना, पुनः फगाची दोरी धरू लागली. त्या वृद्ध स्त्रीस आम्ही विचारपूस करीत शोधून काढिले, तिच्या अंगणात जाऊन मुलांसह तिचे पाय धरिले. तिने मुलाच्या पोटरीवरचे वण पाहिले आणि चहा ठेविला.

त्या दिवसापासून घरात एक नियम झाला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर, दिनदर्शिकेच्या खाली, परतण्याची वेळ खडूने लिहावयाची. आईस सांगितलेली वेळ तीच आमची भरती. मासा लागो वा न लागो, त्या वेळेस गळ गुंडाळावयाचा.

पवित्र शास्त्रात तोबीताच्या पुस्तकात एक कथा आहे. तोबीत हा धर्मशील बाप, परंतु त्याची दृष्टी गेलेली. त्याचा पुत्र तोबिया प्रवासास निघतो. तिग्रिस नदीच्या काठी त्याच्यावर एक मोठा मासा झेपावतो. सोबत असलेला देवदूत राफाएल त्यास सांगतो की भिऊ नको, त्यास धर, आणि त्याचे पित्त जपून ठेव. घरी परतल्यावर पुत्र तेच पित्त बापाच्या डोळ्यांस लावितो, आणि बापास दिसू लागते. ही कथा आम्ही अनेक वेळा ऐकिली होती, परंतु तिचा अर्थ आम्हांस त्या रात्री कळला. बापाचे डोळे पुत्राच्या हाताने उघडले, आणि जे औषध लागले ते मध नव्हते, पित्त होते. मुलांस आपण शिकवितो हे खरेच आहे. परंतु परमेश्वर कधी कधी मुलांच्या हाती आपल्या डोळ्यांचे औषध देऊन ठेवितो. ते झोंबते म्हणून आपण त्यांचा हात झटकू नये.

पुढे वर्षे लोटली. मुले मोठी झाली. खाडीचे रूप पालटले. ज्या बांधावरून आम्ही जात असू तेथे आज भराव पडला आहे. उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचे पात्र वळविले गेले, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी खाडीकाठच्या नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले. यात हर्ष किती व खेद किती याचा हिशोब करण्याचे हे स्थळ नव्हे. अनेक घरांस त्यातून अन्न मिळेल आणि अनेक कोळ्यांची जाळी खुंटीस लागली, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आमचा थोरला उद्योगानिमित्त कॅनडा देशात स्थायिक झाला. २०१९ सालच्या फेब्रुवारीत आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो असता, त्याने एके शनिवारी विचारिले, "बाबा, मुलांस घेऊन मासे धरावयास जातो आहे. येता का?" बाहेर पाहावे तो सर्वत्र बर्फ. आम्हांस वाटले थट्टा करितो आहे.

टोरंटो शहराच्या उत्तरेस सिमको नावाचे सरोवर आहे. त्याचा विस्तार सातशे चौरस किलोमीटरांहून अधिक. कडक थंडीत ते गोठते, आणि लोक त्यावर चालत जाऊन मासे धरितात. आपल्याकडे बर्फ म्हणजे मासळीच्या टोपलीत घालावयाची वस्तू. तेथे मासळी खाली व बर्फ वर, असा उलटा प्रकार. आम्हांस प्रश्न पडला की सर्व पाणी गोठले तर मासे जगतात कसे. नातवाने शाळेत शिकलेले सांगितले: पाणी चार अंशांवर सर्वांत जड असते, म्हणून ते तळाशी जाते, त्याहून थंड झालेले हलके होऊन वर राहते व गोठते, आणि बर्फ पाण्याहून हलका असल्याने वरच तरंगतो. अशा रीतीने बर्फच पांघरुणासारखा होऊन खालच्या पाण्यास गोठू देत नाही. ज्याने पाण्यास हा नियम घालून दिला त्याच्या दयेपुढे आम्ही मनोमन मस्तक नमविले.

बर्फावर उतरण्यापूर्वी थोरल्याने पहारेने ठिकठिकाणी ठोकून पाहिले. माणसाने चालावयाचे तर स्वच्छ, घट्ट बर्फाची जाडी निदान दहा सेंटिमीटर असावी लागते. त्या दिवशी ती त्याहून पुष्कळ अधिक होती. मोठ्या गिरमिटाने त्याने भोके पाडिली, झाऱ्याने त्यांतील बर्फाचा चुरा काढिला, आणि वीतभर लांबीच्या काठ्या मुलांच्या हाती दिल्या. वर लहानसा तंबू, आत शेगडी. मध्येच बर्फाच्या पोटातून दूरवर ढोल वाजावा तसा घुमारा येई. आम्ही दचकलो, मुले हसली. सकाळपासून दुपारपर्यंत एक मासा लागला नाही. थोरला आमच्या चालीवर गाणे गुणगुणत होता. आम्हांस खाडीकाठच्या रिकाम्या रविवारांची आठवण झाली, आणि ती त्यासही झाली असावी.

बर्फावर पाऊल ठेवण्याआधी त्याने दोन्ही मुलांकडून एक गोष्ट म्हणवून घेतली होती. बर्फ खचू लागला तर काय करावयाचे? आठ वर्षांचा नातू आणि सहा वर्षांची नात, ज्यांस मराठीचे मोजके शब्द येतात, दोघेही एका स्वराने म्हणाली, "पालथा पर!" त्या देशातही नियम तोच आहे: उभे राहू नये, पोटावर आडवे व्हावे, भार वाटून द्यावा, आणि सरपटत मागे यावे. पनवेलच्या खाडीवरील एका निरक्षर आजीचे दोन शब्द अर्ध्या पृथ्वीपलीकडे, गोठलेल्या पाण्यावर, दोन मुलांचे रक्षण करीत आहेत हे ऐकून आम्हांस बोलवेना.

पावणेदोन वाजता मासे लागू लागले. पिवळसर अंगाचे, काळसर उभ्या पट्ट्यांचे पर्च, एकामागून एक. नातू आनंदाने नाचू लागला. बरोबर दोन वाजता थोरल्याने आपली दोरी गुंडाळिली. "आणखी दहा मिनिटे, बाबा!" असे म्हणून मुलगा रडकुंडीस आला. थोरला त्याच्यापुढे गुडघे टेकून बसला आणि म्हणाला, "आईस दोन सांगितले आहेत. दोन म्हणजे दोन." आणि त्याने सामान आवरले. मासे लागत असता त्याने गळ गुंडाळिला. जे आम्हांस १९८१ साली साधले नाही ते त्याने आमच्या डोळ्यांदेखत केले.

परतीच्या वाटेवर गाडीत नातीने आम्हांस विचारिले, "आजोबा, तुम्ही आजीशी खोटे बोलला होता, हे खरे?" म्हणजे त्याने मुलांस सर्व सांगितले होते. क्षणभर चेहरा उतरला, हे लपवीत नाही. परंतु आम्ही म्हणालो, "होय. बोललो होतो. आणि मग आजीस खरे सांगितले." तिने विचारिले, "मग आजी रागावली?" पुढच्या आसनावरून आजीनेच उत्तर दिले, "खूप. पण मासे धरावयास मीही जाऊ लागले."

बंधुभगिनींनो, आमची हकीगत संपली. आपणांपैकी पुष्कळांची मुले आज लहान आहेत. खाडी पूर्वीसारखी राहिली नाही, परंतु मुलांस हात धरून नेण्याजोगे ठिकाण आजही प्रत्येकास आहे. कोणी तलावावर न्यावे, कोणी डोंगरावर. त्यांस आपला वेळ द्या. मासे मिळतील की नाही याची काळजी करू नका. परंतु चूक झाली, आणि ती होणारच, तर ती झाकण्याचे ओझे त्यांच्या लहान खांद्यांवर ठेवू नका. बापाने चूक कबूल केली म्हणून मुलाच्या मनातील बाप लहान होत नाही. तो कबूल करीत नाही तेव्हा मूल एकटे पडते. आमची धाकटी तशी सहा आठवडे एकटी पडली होती. आज ती स्वतः दोन मुलांची आई आहे आणि याच सभेत मागच्या रांगेत बसली आहे. तिची माफी आम्ही तेव्हा मागितली होती. आज धर्मग्रामासमक्ष पुनः एकदा मागतो.

गालिली समुद्राच्या काठी ज्याने थकलेल्या कोळ्यांस हाक मारिली आणि त्यांच्यासाठी पहाटे स्वतः निखाऱ्यावर मासे भाजून ठेविले, तो आपला प्रभू या धर्मग्रामातील प्रत्येक घरास, त्यातील आईबापांस व लेकरांस आशीर्वाद देवो.